संशोधनाची थैली आणि अपंगांचे प्रश्न

संसदेने २०१६ साली संमत केलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे २८ वे कलम फार थोड्यांनी वाचले असेल. आरक्षण किती टक्के, प्रमाणपत्र कोणी द्यावे, सार्वजनिक इमारतींना उतरण असावी की नाही, ह्यांविषयीच्या कलमांवर न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. २८ व्या कलमाच्या वाट्याला ती आली नाही. हे कलम संशोधनाविषयी आहे. अपंगांच्या पुनर्वसनाला आणि सक्षमीकरणाला उपकारक होईल असे संशोधन शासनाने सुरू करावे किंवा करवून घ्यावे, आणि ते व्यक्ती व संस्था ह्यांच्यामार्फत व्हावे, असा त्याचा आशय आहे. व्यक्ती हा शब्द त्यात आधी येतो, संस्था हा नंतर. मसुदा करणाऱ्यांनी हा क्रम काही विचारपूर्वक ठेवला असेल असे समजण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक पैशाच्या वाटपाचा एक मूलभूत प्रश्न त्या दोन शब्दांत आपसूक आला आहे, आणि आज त्याचे उत्तर कोणतीही जाहीर चर्चा न होता संस्थेच्या पारड्यात टाकले जात आहे.

प्रश्न सोपा आहे. अपंगांविषयीच्या संशोधनासाठी दहा कोटी रुपये उपलब्ध आहेत असे धरा. ते एका मोठ्या केंद्राला, पाच-सहा विभागांच्या आणि तीस-चाळीस संशोधकांच्या गटाला एकरकमी द्यावेत? की प्रत्येकी दहा लाख रुपये ह्या हिशेबाने शंभर व्यक्तींना द्यावेत?

येथे एक खुलासा केला पाहिजे. कायद्याने आणि शासनाने आता दिव्यांग हा शब्द रूढ केला आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी तो सुचवला, आणि अपंगांच्या काही संघटनांनी त्याच वेळी त्याला हरकत घेतली होती. ज्याला बसच्या पायरीवर चढता येत नाही त्याच्या अंगी काही दिव्यत्व आहे, असे म्हटल्याने पायरीची उंची कमी होत नाही. म्हणून कायद्याचे नाव सोडून इतरत्र मी जुनाच शब्द वापरला आहे.

देशाच्या संशोधनखर्चाची स्थिती वाचकांना साधारणपणे ठाऊक असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के एवढा तो आहे. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी बराच मोठा वाटा खाजगी उद्योगांकडून व इतर बिगरसरकारी मार्गांनी येईल अशी अपेक्षा आहे. ह्या प्रतिष्ठानाकडे एकेकट्या संशोधकांसाठी अनुदाने नाहीत असे नाही. पण ज्या योजनांचा गाजावाजा होतो त्या एका नामांकित संस्थेला चाकाचा आस आणि इतर विद्यापीठांना आरे मानणाऱ्या, किंवा एखाद्या ‘मोहिमे’भोवती अनेक संस्थांची मोट बांधणाऱ्या आहेत. मोठा आकडा, मोठी संस्था, मोठे उद्घाटन हा आपल्या नियोजनाचा जुनाच शौक आहे. धरणांच्या बाबतीत त्याची किंमत कोणी दिली हे ह्या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

मी स्वतः ह्या शौकातून मुक्त नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या अनुदान समितीवर अर्थशास्त्राचा सदस्य म्हणून मी बसत असे. एका बैठकीत आमच्यापुढे दोन अर्ज होते. एक होता एका मोठ्या संस्थेचा. यंत्रसामग्री, तीन विभाग, परदेशी सहकार्य आणि चाळीस पानांचा प्रस्ताव असा त्याचा थाट होता. दुसरा तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या अधिव्याख्यातीचा. तिला लहानपणी पोलिओ झालेला होता आणि ती कॅलिपर घालून चालत असे. तिच्या तालुक्यात ज्यांना सरकारी शिबिरांतून कॅलिपर मिळाले त्यांतील किती जण ते वर्षभरानंतर वापरतात, आणि जे वापरत नाहीत ते का नाही, एवढेच तिला घरोघर जाऊन पाहायचे होते. मागणी ४० हजार रुपयांची होती. बहुतेक रक्कम एस.टी.च्या भाड्याची आणि सोबत येणाऱ्या मदतनीस मुलीच्या रोजंदारीची. अर्जदाराच्या संस्थेत संशोधनाच्या पायाभूत सुविधा नाहीत, असा शेरा एका सदस्याने मारला. मी त्याला अर्थशास्त्राची जोड दिली. मोठ्या प्रमाणावर केलेल्या खर्चात बचती असतात, थेंब थेंब पाणी शिंपडल्याने शेत भिजत नाही, असे काहीसे मी बोललो. तो अर्ज बारगळला आणि मोठा मंजूर झाला. माझे विधान पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने चूक नव्हते. मात्र पाठ्यपुस्तकाचे पुढचे प्रकरण मी त्या दिवशी सोयीस्करपणे विसरलो होतो.

पुढचे प्रकरण घटत्या फलाचे. एकाच शेतात खताची पोती टाकत गेले तर पहिल्या पोत्याने जेवढे पीक वाढते तेवढे दहाव्याने वाढत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. संशोधनाच्या पैशालाही हाच नियम लागू पडतो का, हे कॅनडात तपासले गेले. ओटावा विद्यापीठातील फोर्टिन आणि करी ह्या दोघांनी तेथील निसर्गविज्ञानांच्या राष्ट्रीय परिषदेकडून अनुदान मिळालेल्या संशोधकांचे काम पाहिले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनुदान वाढले की काम वाढते, पण फारच थोडे. दर डॉलरमागे मिळणारे फळ मोठ्या अनुदानांत कमी होत जाते. ज्यांना दुसऱ्या एका राष्ट्रीय परिषदेचाही पैसा मिळाला होता ते, तो न मिळालेल्यांपेक्षा अधिक फलदायी ठरले नाहीत. थोड्यांना पुष्कळ देण्यापेक्षा पुष्कळांना थोडे द्यावे, असा त्यांचा सल्ला होता. २०१९ साली वू, वांग आणि इव्हान्स ह्या अमेरिकेतील तिघांनी १९५४ ते २०१४ ह्या काळातील साडेसहा कोटींहून अधिक निबंध, पेटंटे आणि संगणक-प्रणाली तपासून आणखी एक फरक दाखवला. मोठे गट आधीच रुळलेल्या कल्पनेला पुढे नेतात. जुनी वाट मोडून नवी वाट काढण्याचे काम लहान गटांकडून अधिक होते.

ह्या दोन्ही अभ्यासांचा विषय अपंगत्व नव्हता, आणि संशोधनाचे फळ निबंधांच्या संख्येत व त्यांच्या उल्लेखांत मोजण्याची रीत मला पटणारी नाही. अपंग माणसाला निबंध पायात घालता येत नाही. म्हणून मोजमापाचा हा मुद्दा एवढ्यावर सोडून ज्यात खरोखर पाय गेले आणि पाय वाचले अशा एका प्रकरणाकडे वळू.

पोलिओने आपल्याकडे किती मुलांना आयुष्यभराचे अपंगत्व दिले हे ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांतली खेडी पाहिली त्यांना आठवत असेल. ह्या रोगावरील लशीचा इतिहास मोठ्या आणि लहान अनुदानांच्या वादात दोन्ही पक्षांकडून वापरला जातो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः ह्या रोगाने पांगळे झालेले. त्यांच्या पुढाकाराने १९३८ साली जे राष्ट्रीय प्रतिष्ठान निघाले त्याने सरकारी तिजोरीऐवजी सामान्य लोकांची चिल्लर नाणी गोळा केली. त्याच पैशाच्या बळावर १९५४ साली साल्क लशीची जी क्षेत्रचाचणी झाली तिच्यात सुमारे १८ लाख मुले होती. एवढे मोठे काम एकट्यादुकट्याने होणे शक्य नाही, हे उघड आहे. एका मुलाला पोलिओ होण्याचा संभव मुळातच थोडा असतो. लशीने तो कमी झाला की नाही हे कळण्यासाठी लाखांनीच मोजावे लागते. अर्थशास्त्रात ज्याला अविभाज्यता म्हणतात ती हीच. अर्धा पूल बांधून अर्धी नदी ओलांडता येत नाही.

परंतु ती लस ज्या शोधावर उभी राहिली तो शोध कसा लागला? एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स ह्या तिघांनी बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील लहानशा प्रयोगशाळेत १९४९ साली दाखवून दिले की पोलिओचा विषाणू मज्जातंतूंखेरीज इतर पेशींतही वाढवता येतो. ते त्या वेळी मुख्यतः दुसऱ्याच विषाणूंवर काम करीत होते. एका प्रयोगातून काही परीक्षानळ्या उरल्या होत्या आणि शीतपेटीत पोलिओचा विषाणू होता. तो त्या नळ्यांत घालून पाहिला. पोलिओचा समूळ नायनाट अशा नावाच्या एखाद्या केंद्राच्या पंचवार्षिक आराखड्यात ‘उरलेल्या नळ्या’ ह्या शीर्षकाखाली तरतूद करता आली नसती. १९५४ साली, म्हणजे मोठी चाचणी चालू होती त्याच वर्षी, ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या देशातील गोष्ट, जी बोस्टनपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असायला हवी आणि नाही. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीचे तीन डोस पुरेसे आहेत हे पाश्चात्त्य देशांत सिद्ध झाले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन ह्यांनी तेथील मुलांचे रक्त तपासले आणि १९७२ साली आपल्या एका सहकाऱ्यासह दाखवून दिले की उष्ण प्रदेशातील मुलांना तीन डोस दिल्यानंतरही त्यांतल्या अनेकांच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत. लस तीच, मुले वेगळी, परिस्थिती वेगळी, म्हणून परिणाम वेगळा. हे काम काही हजार खाटांच्या जागतिक जाळ्याने केलेले नव्हते. एका विभागाचे, थोड्या मुलांवरचे, पण योग्य प्रश्न विचारणारे काम होते. पुढे भारतात पाचाहून अधिक, काही जिल्ह्यांत त्याहून कितीतरी अधिक डोस पाजावे लागले, लशीचा प्रकार बदलावा लागला, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा जंगली पोलिओचा शेवटचा ठरला. २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मोहीम प्रचंड होती, लाखो कार्यकर्त्यांची होती, आणि ती तशीच असायला हवी होती. पण मोहिमेत किती डोस पाजायचे हा प्रश्न ज्याने आधी विचारला तो मोहिमेच्या बाहेर होता.

ह्यातून मला जे दिसते ते असे की मोठा गट आणि एकटा संशोधक ही एकाच कामाची दोन परिमाणे नव्हेत. ती दोन वेगळी कामे आहेत. प्रश्न शोधणे हे एक, आणि सापडलेल्या उत्तराची मोठ्या प्रमाणावर पारख करणे हे दुसरे. आपण पहिल्यासाठीही दुसऱ्याच्या मापाने पैसे वाटतो, हा आपला दोष आहे.

जयपूर फूटची कथा एव्हाना पाठ्यपुस्तकांत गेली आहे. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंग रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि तेथील कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी तो बनवला. परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी केलेले आणि ताठ होते. ज्या देशात माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, अनवाणी चिखलात उतरतो, तेथे ते निरुपयोगी होते. शर्मा हे शाळेत फारसे न शिकलेले शिल्पी. टायरवर रबर चढवणाऱ्याचे काम पाहून त्यांना रबराचा उपाय सुचला, असे सांगतात. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्या पावलाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. आजच्या कोणत्याही मोठ्या योजनेच्या अर्जात ‘प्रमुख संशोधकाची शैक्षणिक अर्हता’ हा रकाना असतो. रामचंद्र शर्मांनी त्यात काय लिहिले असते?

येथपर्यंत एकट्याची बाजू मजबूत आहे. पण जयपूर फूटच्या कथेचा उत्तरार्ध पुस्तकांत नसतो. हे पाऊल आणि त्याबरोबरचे प्लॅस्टिकचे कृत्रिम पाय लाखो लोकांना बसवले गेले; ते किती दिवस टिकतात, कोठे मोडतात, किती जण ते कोपऱ्यात टाकून देतात, ह्याचा पद्धतशीर मागोवा देशात फार कमी घेतला गेला. २००४ साली एका आंतरराष्ट्रीय पथकाने होंडुरास, युगांडा आणि भारत येथील वापरकर्त्यांची तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पायाच्या घडणीत व जुळणीत गंभीर दोष आढळले. मूळ कल्पना खोटी ठरली असा ह्याचा अर्थ मुळीच नव्हे. हजारो पाय झपाट्याने बनवून शिबिरांत वाटले, पण त्यांच्यामागे राहून मोजमाप करणारी यंत्रणा कोणी उभी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती यंत्रणा एका डॉक्टरच्या आणि एका कारागिराच्या आवाक्यातली नव्हती. तेथे अनेक केंद्रांचा, दहा-वीस वर्षे चालणारा, मोठ्या पैशाचा प्रकल्प हवा होता. म्हणजे लहान अनुदानाचे काम लहानांनी चोख केले, आणि मोठ्या अनुदानाचे काम मोठ्यांनी केलेच नाही.

अंधांसाठीच्या ‘स्मार्टकेन’चा प्रवास ह्याहून सुरळीत झाला. पांढऱ्या काठीला जमिनीवरचे अडथळे कळतात, गुडघ्याच्या वरचे, म्हणजे लटकती फांदी किंवा उभ्या ट्रकचा मागचा भाग, कळत नाहीत. दिल्लीच्या आय.आय.टी.त प्रा. बालकृष्णन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ध्वनिलहरींचा उपयोग करून पाहिला. कल्पना उपयोगी आहे असे दिसल्यावर अंधांची एक संस्था, चेन्नईचा एक कारखाना आणि लंडनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा असे जुळत गेले आणि २०१४ साली काठी बाजारात आली. आधी काम, मग गट. आपल्या योजनांत ह्याच्या उलट, आधी गट जाहीर होतो आणि मग त्याला काय काम द्यावे ह्याच्या बैठका होतात. (कल्पना आपली, काठी आपली, आणि तिला बाजारापर्यंत नेणाऱ्या पैशात लंडनचा वाटा, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही.)

दुसऱ्या टोकाचे उदाहरण अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे. २००६ साली त्या खात्याने कृत्रिम हाताचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यावर दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. त्यातून निघालेल्या एका हाताला २०१४ साली तेथील औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. यंत्र म्हणून तो हात थक्क करणारा आहे. परंतु उसाच्या चरकात किंवा कडबा कापण्याच्या यंत्रात हात गमावलेल्या आपल्याकडील मजुराशी त्याचा काय संबंध? युद्धात हात गेलेल्या सैनिकासाठी तो हात हवा होता, म्हणून त्या प्रश्नाला मोठा पैसा मिळाला. पैसा प्रश्नाच्या मोठेपणाकडे पाहत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या ताकदीकडे पाहतो. आपल्याकडे हात गमावणाऱ्यांच्या बाजूने बोलणारे खातेच नाही.

आणि येथे अपंगत्वाच्या विषयाचे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यांत. महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजार. ती जनगणना आठ प्रकारांची होती. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ह्या एकवीस प्रकारांना वय, स्त्री-पुरुष भेद, धंदा आणि भूप्रदेश ह्यांनी गुणा. कोकणात भातलावणी करणारी बहिरी स्त्री, मुंबईच्या लोकलमध्ये चढणारा अंध फेरीवाला, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणाऱ्या कुटुंबातले मतिमंद मूल: ह्यांचे प्रश्न एकमेकांशी जुळत नाहीत. येथे एक मोठा प्रश्न नाहीच. हजारो लहान प्रश्न आहेत. पाऊस कसा पडेल ह्याची खात्री नसलेला कोरडवाहू शेतकरी सगळ्या रानात एकच पीक घेत नाही. ज्वारीत तूर टाकतो, बांधाला अंबाडी लावतो. कोणते बी उगवेल हे ठाऊक नसताना पुष्कळ ठिकाणी थोडे थोडे पेरावे, हा शहाणपणा आमच्या विषयात पोहोचायला गणिताची मोठी मोठी सूत्रे लागली.

मोठ्या केंद्रांच्या अंतर्गत अर्थव्यवस्थेविषयीही बोलले पाहिजे, कारण डाव्या विचाराची माणसेसुद्धा विज्ञानाचा विषय निघाला की श्रमिकांचा प्रश्न बाहेर ठेवतात. काही कोटींचे अनुदान आले की प्रमुख संशोधक हा हळूहळू मुकादम होतो. बैठका, अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्रे ह्यांत त्याचे दिवस जातात. प्रत्यक्ष काम करतात ते सहा-सहा महिन्यांच्या करारावरचे प्रकल्प सहायक. त्यांना पगार उशिरा मिळतो, प्रसूतीच्या रजेसाठी झगडावे लागते आणि निबंधावर नाव मागचे. ह्या तरुणांपैकी एखाद्याला स्वतःचा प्रश्न सुचला तरी तो विचारण्याची मुभा त्याला नसते, कारण तो मंजूर आराखड्यात बसत नाही. लहान अनुदान हे त्याच्या दृष्टीने स्वातंत्र्याचे साधन आहे. आणि तो तरुण स्वतः अपंग असेल तर दुपटीने, कारण मोठ्या संस्थेच्या जिन्यावरून त्याला वर नेण्याची सोय अजून बहुतेक ठिकाणी व्हायचीच आहे.

लहान अनुदानांविरुद्ध एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. शंभर अर्ज मागवणे, वाचणे, तपासणे, शंभर हिशेब पाहणे ह्याचा खर्च एका मोठ्या अर्जापेक्षा कितीतरी जास्त. दहा लाखांच्या अर्जालाही कोट्यवधींच्या अर्जाएवढीच कागदपत्रे मागितली तर लहान अनुदान म्हणजे कारकुनीचे श्राद्ध होईल. पण हा दोष अनुदानाच्या आकाराचा नसून अविश्वासाचा आहे. आपली नोकरशाही कोटी देताना जेवढी शंका घेते त्याहून अधिक शंका चाळीस हजार देताना घेते. अमेरिकेत ह्या विषयासाठी १९७८ पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था असून, तिच्याकडे विद्यापीठांतील मोठ्या केंद्रांना पाच वर्षांची अनुदाने आणि संशोधकाने स्वतः सुचवलेल्या विषयांना तीन वर्षांची लहान अनुदाने असे दोन्ही मार्ग, शिवाय व्यक्तींना अधिछात्रवृत्त्या, कित्येक दशके शेजारी शेजारी चालत आले आहेत. तेव्हा दोन मार्ग एकत्र चालवता येत नाहीत, हे म्हणणे टिकणारे नाही.

माझ्या सूचना अंतिम आहेत असा दावा नाही. त्यांवर वाद व्हावा ह्यासाठीच त्या मांडतो. केंद्र असो वा राज्य, अपंगांविषयीच्या संशोधनासाठी जी रक्कम वेगळी काढली जाईल तिच्यातील निम्म्याहून अधिक, मी तर साठ टक्के म्हणेन, लहान व वैयक्तिक अनुदानांसाठी राखून ठेवावी. अर्ज दोन पानांचा असावा, मराठीत किंवा कोणत्याही भारतीय भाषेत, ब्रेलमध्ये अथवा ध्वनिमुद्रित स्वरूपातही चालावा. पदवीची अट नको. सुतार, लोहार, शिक्षिका, आशा कार्यकर्ती, स्वतः अपंग असलेली आणि रोज स्वतःच्या साधनाशी झगडणारी कोणीही व्यक्ती अर्ज करू शकली पाहिजे. नसीमा हुरजूक ह्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ साली कोल्हापुरात जी संस्था उभी केली तशा ठिकाणी जे ज्ञान साठलेले असते ते कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाही. निवड समितीतील निम्मे सदस्य अपंग असावेत आणि त्यांना सल्ल्याचा नव्हे तर मताचा अधिकार असावा. इंग्लंडमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स ह्या उपक्रमात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एकत्र बसून संशोधनाचे अग्रक्रम ठरवतात. त्यात कोणाच्या विज्ञानाला बाध आल्याचे दिसत नाही.

उरलेला पैसा मोठ्या कामांना द्यावा, पण जी कामे खरोखरच अविभाज्य आहेत त्यांनाच. २१ प्रकारांची नीट गणना हे त्यांतले पहिले. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे दीड दशकापूर्वीच्या आकड्यांवर आपण धोरणे आखतो. वाटलेल्या साधनांचा दहा वर्षांचा मागोवा हे दुसरे. साधने वाटण्याची केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे. तीनचाकी सायकलींच्या रांगेसमोर मंत्र्यांचे छायाचित्र दरवर्षी निघते, पण त्या सायकलींचे तीन वर्षांनी काय झाले ह्याचे छायाचित्र निघत नाही. लहान अनुदानांतून जी कल्पना तगली तिच्याभोवती गट जमवण्यासाठी वेगळा निधी हे तिसरे. आणि मोठ्या अनुदानातून निर्माण झालेली माहिती व आरेखने सर्वांना खुली असावीत. सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाचे पेटंट एखाद्या कंपनीकडे जाऊन तोच शोध अपंगाला बाजारभावाने विकत घ्यावा लागणार असेल, तर अनुदान मोठे की लहान हा वादच निरर्थक होतो.

ह्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा नियम आहे. ती रक्कम वर्षभर पडून राहते आणि मार्चअखेर घाईघाईने वाटपात उडवली जाते, अशी तक्रार अपंगांच्या संघटना सातत्याने करीत आल्या आहेत. त्या निधीतील लहानसा वाटा त्याच जिल्ह्यातील अपंगांनी विचारलेल्या प्रश्नांच्या शोधासाठी वापरता येईल, एवढा एक शासननिर्णय नव्या विभागाने काढावा. शासननिर्णयाला अधिवेशन लागत नाही.

कॅलिपर घालणाऱ्या त्या अधिव्याख्यातीने पुन्हा अर्ज केला नाही. तिच्या अर्जाची प्रत माझ्या कागदांत आहे. शिबिरांतून मिळालेले कॅलिपर त्या तालुक्यात किती जण वापरत होते आणि बाकीच्यांनी ते का काढून ठेवले, हे आम्ही कोणीच पाहिले नाही.